न घेतलेला मोबदला

आमचं दार सताड उघडं असलं तरी ती मीठवाली विचारल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. मिठाची पाटी कमरेवर तोलून धरायची, मान तेवढी आत घालायची आणि अगदी हळू विचारायची, "घरात कुनी सरकारी मानूस नाय ना गो?"

"नाही गं, ये," मी म्हणायची.

"तुजा घरवाला?"

"ते कामावर गेले. आणि ते कसले सरकारी? रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून आहेत."

"मंग रेल्वे काय तुज्या बापाची हाय? सरकारचीच ना!"

मग आत येऊन ती बसायची, मापट्याने मीठ द्यायची, वर चिमूटभर जास्त टाकायची. पण तोंड दाराकडे. रस्त्यावर खाकी कपडा दिसला, मग तो पोस्टमन का असेना, की पाटी उचलून मागच्या दाराने पसार. कितीदा तरी पैसे घ्यायचेही राहून जायचे. दुसऱ्या दिवशी मीच हाक मारून द्यायची.

अशी भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला तिचं हसू यायचं. ती घाबरायची कशाला, हे मी कधी विचारलंच नाही, ही माझी चूक.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या चारपाच वर्षांतली. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले होते. तेव्हा स्टेशनाजवळच्या चार चाळी सोडल्या तर सगळी भाताची शेतं आणि पलीकडे खाडी. ती कोपरच्या बाजूला खाडीकाठी राहायची. जातीची आगरी, वय पन्नासच्या पुढे, मिठागरात उभं राहून राहून पायांना भेगा अशा पडलेल्या की मला बघवत नसत. नवरा दुसऱ्या महायुद्धात, लढाईच्या दिवसांतच तापाने गेलेला. एक मुलगी, ती लग्न होऊन जवळच दिलेली.

माझी शाळा दुसरीपर्यंतच. पुढचं सगळं वाचन मी वाण्याच्या पुड्यांवर शिकले. त्यामुळे झालं असं, की दिसेल ते वाचायची खोड लागली. पाट्या, जाहिराती, औषधाच्या बाटल्या, काही सोडत नसे. एकदा देवळातून येताना चावडीच्या भिंतीवर नवा कागद दिसला. उभी राहिले. लढाईच्या वेळी सरकारने ज्यांच्या जमिनी घेतल्या आणि ज्यांनी त्याचा मोबदला अजून नेलेला नाही, त्यांची नावं होती. अमुक तारखेच्या आत वारसांनी कल्याणच्या कचेरीत येऊन पैसे न्यावेत, नाहीतर ते सरकारजमा होतील. मी बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आले. सातवं नाव तिच्या नवऱ्याचं! ती स्वतः ते नाव कधी उच्चारायची नाही, पण तिच्या मुलीने मला सांगितलं होतं. पुढे 'कोपर' लिहिलेलं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण तिची अडचण मला ठाऊक होती. ज्या तुकड्यावर तिची झोपडी होती, तो त्याचा मालक विकायला काढत होता. दिवाळीच्या आत घे, नाहीतर हल, असं त्याने तिला सांगितलं होतं. आणि इथे भिंतीवर तिचे पैसे लिहिलेले!

दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या मी सांगून टाकलं. "अगं, तुझ्या नवऱ्याचं नाव लागलंय चावडीवर! सरकारकडे पैसे आहेत तुझे!"

तिच्या हातातली पाटी पडली. सगळं मीठ उंबऱ्यावर. तिने ते गोळासुद्धा केलं नाही. पांढरीफटक पडली आणि, "तू वाचलंस? कशाला वाचलंस गो?" एवढंच म्हणून निघून गेली.

पुढे आठ दिवस ती आली नाही. तारीख जवळ येत चाललेली. आमचे हे म्हणाले, "तू कशाला त्यात पडतेस? कचेरीची कामं बायकांची नाहीत." मी म्हटलं, "मग तुम्ही पडा." त्यावर ते पेपर वाचू लागले. शेवटी मीच तिच्या घरी गेले.

आमच्याकडून तिच्या झोपडीकडे जायची वाट एका तारेच्या कुंपणाला लागून होती. आत लष्कराची पत्र्याची कोठारं, आता रिकामी, आणि रान माजलेलं. ती दारातच बसली होती. मला पाहून उठली, माझ्या मागे कोणी आहे का ते वाकून पाहिलं, आणि मगच आत घेतलं.

"मना ठाव हाय पैशांचा," ती म्हणाली. "पयल्यापासून ठाव हाय."

मग तिने सांगितलं. ते कुंपण आहे ना, त्याच्या आतली सगळी त्यांची शेती. लढाईच्या वेळी मोजणीची साखळी घेऊन माणसं आली, बावटे रोवले, नवऱ्याचा अंगठा एका कागदावर घेतला आणि सांगितलं, लढाई संपेपर्यंतच घेतोय. त्याच पावसाळ्यात जमीन कायमची घेतल्याचा कागद आला आणि मोबदला न्यायला बोलावणं आलं. तो गेला नाही. तापात पडला तेव्हा बायकोला जवळ बसवून त्याने सांगितलं.

"म्हनलान, पैसं घेऊ नको. पैसं घेतलं नाय तवर जमीन आपलीच. कवा तरी लढाई सरंल, हे लोक जातील." तिने दाराबाहेर पाहून घेतलं. मग म्हणाली, "मी दरसाल पेरनीच्या आदी जातंय. तारेतून मूठभर भात आत टाकतंय. कुनाला सांगू नको हां."

"उगवतं?" मी विचारलं.

"पाखरं खातान."

आता मला समजलं की तिला खाकी कपड्याची एवढी धास्ती का. कोणीतरी येईल, जबरदस्तीने पैसे हातात कोंबेल आणि जमीन जाईल, या भीतीत तिने इतकी वर्षं काढली होती. चोर नेतील म्हणून लोक घाबरतात. ही सरकार देईल म्हणून घाबरत होती.

तिने माझं मनगट धरलं. "बाय, तू वाचतेस. खरा सांग. ती जमीन परत मिलंल?"

मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. चावडीवरचा कागद मी वाचला होता, ह्यांच्याकडून नीट समजूनही घेतला होता. जमीन सरकारच्या नावावर होऊन किती वर्षं उलटली होती. आता तारीख टळली तर पैसेही जाणार होते आणि झोपडीही. पण हे माझ्या तोंडून निघालं की तिच्या नवऱ्याचा शब्द मीच मोडणार होते. मला वाटलं, खोटं सांगावं आणि पळून जावं.

"नाही मिळणार," मी म्हटलं.

ती रडली नाही. तिने उठून दारातून कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कवा जायाचं?"

तलाठ्याकडून वारसाचा दाखला आणण्यातच चार दिवस गेले. तो आणला तिच्या जावयाने, कारण तलाठ्याचं नाव काढलं तरी तिला घाम फुटायचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी कल्याणला कचेरीत गेलो. पट्टेवाल्याने खणखणीत आवाजात तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं, तशी ती माझ्या पाठीमागे शिरली आणि माझा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. तशाच आम्ही आत गेलो, मी पुढे, ती मागे. लोक हसत होते.

कारकून वयस्कर होता. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "आजी, इतकी वर्षं कुठे होतात?"

"घरातच व्हते, सायब."

"घरात बसून पैसे मिळतात होय? लोक इथे रांगा लावतात." त्याने कागद पुढे सरकवला. "इथे अंगठा."

तिने अंगठा टेकवला आणि लगेच मागे ओढला; पहिला ठसा फरफटला. दुसराही. कारकून वैतागला असेल असं मला वाटलं, पण त्याने लेखणी खाली ठेवली. "अहो, घाबरता काय? हा अंगठा काही देण्यासाठी नाही, घेण्यासाठी आहे."

"घेतलं की दिलंच ना, सायब," ती म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. त्याने तिचं मनगट धरून तिसरा ठसा नीट उमटवला आणि नोटा पुढे ठेवल्या. ती हात लावेना. शेवटी मीच त्या उचलून तिच्या पदरात बांधल्या.

झोपडीखालचा तुकडा तिने त्याच पैशांत घेतला, हे मला पुढे तिच्या मुलीकडून कळलं. ती स्वतः मात्र आमच्या दारात पुन्हा आली नाही. मीठ मग मी वाण्याकडून घेऊ लागले. मुलगी सांगायची, आईला बरं वाटत नाही. पुढे सांगायलाही कोणी आलं नाही.

कल्याणहून परत आलो त्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं. वाट फुटते तिथे आम्ही थांबलो. समोर कुंपणाची सरळ वाट, पाच मिनिटांत तिची झोपडी. दुसरी वाट खाडीच्या बांधावरून, लांब वळसा, आणि भरतीचं पाणी चढलेलं.

ती बांधाकडे वळली.

"अगं, तिकडे कुठे? चिखल आहे, पाणी भरलंय!"

"त्या वाटंनं आता कुठल्या तोंडानं जाऊ?" ती मागे न बघता म्हणाली.

तिने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, डोईवरचा पदर कुंपणाच्या बाजूने पुढे ओढून घेतला, सासऱ्यासमोरून जावं तसा, आणि त्या गढूळ पाण्यातून एकेक पाय उपसत ती निघाली.