गोणपाटाखालचा हद्दीचा दगड

निवृत्तीनंतर मला एक खूळ लागलं. रोह्याच्या पलीकडच्या डोंगरावरून एके काळी संस्थानाची हद्द जात असे. तिचे घडीव दगड अजून किती उभे आहेत, ते बघायचं. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात गेलेली. पेणचे माझे शेजारी भूगोलाचे शिक्षक होते, तेही तयार झाले.

संस्थान विलीन झालं तेव्हाच त्या रेषेची शान गेली, पण दोन गावांची शीव आजही तीच आहे. तीन दगड सापडले. चौथ्याच्या जागी नुसता खळगा. बोटभर उकरल्यावर कोळसा लागला. जुने मोजणीदार दगडाखाली कोळसा पुरत, कारण तो कुजत नाही. म्हणजे जागा बरोबर होती, दगड मात्र गेलेला.

पाणी प्यायला खालच्या वाडीत उतरलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. माझ्या हातातला नकाशा पाहून तिने विचारलं, "तुमी मोजणीवाले का?"

"होतो. आता रिटायर झालो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी मागं पन आलेलात. हितंच बसून च्या प्यालात."

मला काही आठवेना. तिने उठून ओट्याच्या पायरीवरचं गोणपाट बाजूला केलं. खाली हद्दीचा दगड होता, कोरलेल्या आकड्यासकट. आणि मग मला आठवलं. त्या पायरीवर बसूनच मी मांडीवरच्या कागदावर लिहिलं होतं : दगड जागेवर आढळला नाही.

घर बांधताना तिच्या नवऱ्याने तो आणला होता. राज्यच गेलं, आता हद्द कुणाला हवी, असं त्याला वाटलं. पुढे कुणीतरी सांगितलं, असा दगड हलवला तर तुरुंग होतो. तेव्हापासून कागदवाला माणूस दिसला की ती गोणपाट टाकायची.

"ते मरस्तोवर ह्या पायरीवर पाय नाय ठेवला त्यांनी," ती म्हणाली. "बाजूनं उतरायचे. आता काय ते करा. मला न्यायची तर मला न्या."

"आजी, तुम्हाला कोणी नेत नाही."

तेवढ्यात कंपनीतली शिफ्ट संपवून तिचा मुलगा आला. सगळं ऐकून तो तिथेच खाली बसला. "मी विचारायचो तर पाय घसरतो म्हनून गोणपाट, असं सांगायचीस गो आये. एवढी वर्षं एकटीच भीत होतीस?"

तिने गोणपाटाची घडी करून ते ओट्यावर ठेवलं.

मला आता कसलाच अधिकार नव्हता. मी मोजणीच्या ऑफिसात अर्ज दिला. माझी जुनी नोंद अपुरी होती, हेही त्यात लिहिलं. महिन्याभराने तिथला मोजणीदार येऊन जागा दाखवून गेला. मग आम्ही दोघं पुन्हा वाडीत गेलो. मुलाने चार माणसं जमवली, दगड दोरांनी बांबूला बांधला आणि वर नेला. म्हातारी काठी टेकत मागून आली. तिला थांबवायचं कुणाच्या मनात आलं नाही. शिक्षक तिच्याबरोबर हळूहळू चालत होते.

दगड रोवून झाला. तिने त्यावर हात ठेवला, पण नमस्कार केला नाही. पलीकडच्या उताराकडे बघून म्हणाली, "त्या झाडांमागं माझं म्हायार. लगीन झालं तेव्हा ह्याच वाटेनं आले."

"तिकडं आता कोण असतं?" मी विचारलं.

"धाकटी बहीण हाय. गुडघ्यांनी धरलीय, येत नाय."

तिने मुलाला सांगितलं, आलेच हाय तर तिला बघून येते. मुलगा म्हणाला, "आता, असंच? चालत?"

"व्हय. उतारच हाय."

मुलाने तिचा हात धरला आणि दोघं पलीकडच्या बाजूने उतरू लागली. आम्ही रिकामे दोर गुंडाळून वाडीकडे निघालो.