निरंक नव्हतं, ताई

मी खोटं लिहीत होतो. मुलुंडच्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमधून दर महिन्याला लैंगिक आजारांचा अहवाल जायचा आणि त्यात मी बिनदिक्कत ‘निरंक’ लिहायचो. रुग्ण सापडत नव्हते असं नाही. मी ते कळवत नव्हतो. काही आठवड्यांपूर्वी तोच अहवाल, आता खरा, भरत असताना डॉ. सुनंदा परब गेल्याचा फोन आला.

सुनंदाताई कॉलेजात मला सीनियर. पुढे उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात त्या लैंगिक आजारांचा दवाखाना चालवायच्या आणि खासगी लॅबकडून आकडे गोळा करण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलेलं. महिना उजाडला की फोन. हॅलो नाही, काही नाही.

“किती रे?”

“निरंक, ताई.”

“मेल्या, तुझ्या लॅबात काय फक्त साधुसंत येतत?” चिडल्या की ताई थेट मालवणीत शिरायच्या.

माझ्याकडे ओळखीची कुटुंबं यायची. बोभाटा झाला तर ती समोरच्या लॅबमध्ये जातील, ही माझी भीती. तिला मी त्यांच्या अब्रूची काळजी म्हणायचो. अहवालात नाव लागतच नाही, वय, लिंग आणि तपासणीचा निकाल पुरतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. ताईंना मात्र कसलाच संकोच नसे. “मोजलं की औषध येतं, औषध आलं की माणूस बरा होतो. यात लाजायचं काय?” त्यांचा हा विश्वास कधी डळमळला नाही.

एकदा घाटकोपरच्या हॉलमध्ये आम्हा लॅबवाल्यांची बैठक होती. ताई आकडे मागायला उभ्या राहिल्या आणि मी बसल्या जागेवरून म्हणालो, “ताई, मुलुंडला संस्कारी लोक राहतात. तुम्ही साकीनाक्याच्या झोपडपट्टीत विचारा ना!” हॉल खदाखदा हसला. ताई हसणं संपेपर्यंत थांबल्या. “साकीनाक्याचे लोक येऊन तपासून घेतात, म्हणून ते दिसतात. तुमचे लपतात,” एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

पुढे आमच्या निरंक अहवालांवरून या भागात रुग्णच नाहीत असं कागदावर ठरलं आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना लॅबमार्फत गाठून उपचाराला बोलावणारी समुपदेशक दुसरीकडे पाठवली गेली. त्याच सुमारास माझ्या लॅबमध्ये एका गरोदर बाईची सिफिलिसची चाचणी पॉझिटिव्ह आली. मी रिपोर्ट पाकिटात बंद करून तिच्या नवऱ्याच्या हाती दिला, पुढे विचारलं नाही. त्यानंही ते घरात कुणाला दाखवलं नाही. मूल मेलेलं जन्मलं. दुसऱ्या खेपेला ती ताईंच्या दवाखान्यात पोचली, वेळेवर इंजेक्शनं मिळाली, आणि धडधाकट मुलगी झाली. त्या दिवशी ताईंचा फोन आला. मालवणी नव्हती, आवाज चढलेला नव्हता.

“आज एकीला मुलगी झाली. नवऱ्यानं लपवून ठेवलेला तुझ्या लॅबचा जुना रिपोर्ट आता तिच्या फाइलमध्ये आहे. तुझ्या निरंकमध्ये ती होती रे.”

त्या महिन्यापासून मी खरं लिहू लागलो. ताई आकडा ऐकून “आता कसं!” म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. त्यांनी त्या बैठकीची आठवण कधी काढली नाही, मीही नाही. शेवटचा भेटलो तो नाहूरला, त्यांच्या घरी. आजारानं पार सुकल्या होत्या. माफी मागायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी उशीवरून मान वळवली, म्हणाल्या, “किती रे?” मी आकडा सांगितला... आणि चहा पिऊन परत आलो.

त्यांची शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. समोर बरेचसे तेच लोक, माझ्या विनोदावर हसलेले. त्यातले काही अजूनही निरंक पाठवतात, हे मला माहीत होतं. महिना नुकताच उजाडला होता आणि या वेळी विचारणारं कुणी नव्हतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी ताईंच्या फोटोकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, “इथेच मी तुमची थट्टा केली होती. निरंक नव्हतं, ताई. कधीच नव्हतं. माझ्या खोटेपणापायी एका आईचं मूल गेलं. मला माफ करा.”