घाव इथं, आवाज तिथं

वाचकहो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी तंबाखूचं निमित्त करून उठतो. तरी हे लिहायला बसलोय, कारण ते भर उन्हात, सगळ्या तळासमोर घडलं...

मी खानदेशातला. मराठी चौथीनंतर शाळा सुटली. पुढं लाकूडतोडीच्या कामावर बायकोला घेऊन मोगलाईत आलो — बीड जिल्ह्यात, वडवणीपलीकडच्या डोंगरात. आमचा तळ ओढ्याच्या अलीकडं; तिथलं जंगल आम्ही पार भुंडं करून टाकलेलं. पलीकडं देवीची राई. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे.

ओंडके कापायला आम्ही खोल खड्डे खणायचो. करवतीला एक माणूस वर, एक खड्ड्यात. काम सरलं की खड्डा तसाच टाकून पुढं. पावसात ते भरले आणि डास माजले — सगळे एकाच जातीचे, ठिपक्यांच्या पंखांचे, बूड वर करून बसणारे. मागोमाग हिवताप आला. माणसं घोंगडीखाली कुडकुडू लागली. माझी गोदासुद्धा.

शेळ्या चारणाऱ्या सखूमावशी तिला बघून माझ्यावरच ओरडल्या, "कावून ठिवलंय हिला हितं? राईत ने. देवीचा पहारा हाय तितं."

पहारा कसला, पण मी नेलं. उंबराखाली घोंगडी अंथरली. किडे तिथंही होतेच — चतुर, चिलटं, डासही नाना तऱ्हेचे. पण तो बूडवऱ्या शोधावा लागायचा! हिवतापावरचं कोयनेल चालू होतं. हळूहळू गोदाच्या पोटात पेज ठरू लागली.

आणि नेमकं तेव्हाच दगडू मुकादम माणसं घेऊन ओढा ओलांडून आले. राई तोडायची होती.

"काय बे खानदेशी, बायको झाडाला दिलीस का? उचल तिला."

"मुकादम, थोडे दिवस थांबा हो. तळावर परत नेली तर वाचायची नाही ती."

"मी थांबल्यावर झाड आपल्या पायानं गाडीत बसतंय का?"

गावची माणसं कुऱ्हाडीला हात लावेनात. शेवटी मुकादमांनी स्वतःच घाव घातला. ढलपी उडाली... पण आवाज झाला नाही. मग ओढ्यापलीकडं, तळाच्या बाजूला, जिथं एक झाड उभं नव्हतं तिथून — ठक्क!

"पडसाद हाय बे," मुकादम हसले. त्यांनी भराभर तीन घाव घातले. इथं चिडीचूप. तिकडं ठक्क, ठक्क, ठक्क.

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

तिकडं आवाज चालूच राहिला.

आम्ही सगळे धावत गेलो. माणूस कुणीच नव्हतं. आवाज खड्ड्यांतून येत होता. आम्ही काठावर पोचलो आणि तो थांबला. वारा नसताना पाणी थरथरत होतं, आत अळ्याच अळ्या वळवळत होत्या.

"बुजवा की रं आता!" मागून सखूमावशी आल्या. "देवीनं हाती फावडं बी द्यायचं का?"

पहिलं फावडं मुकादमांनीच उचललं. ताप उतरलेले, ताप अजून न आलेले, सगळे भिडले. माती, दगड, ढलप्या — मिळेल ते टाकून एकूण एक खड्डा बुजवला. त्यानंतर तळावर नवा माणूस आजारी पडला नाही! राईही वाचली. "समदी झाडं आतून पोकळ हायेत," असं मुकादमांनी ठेकेदाराला सांगितलं, तेही चेहऱ्यावरची माशी हलू न देता. गोदा आपल्या पायांनी ओढा उतरून आली, तेव्हा पोरांनी हलगी बडवली आणि सगळ्यांत आधी मुकादम नाचले.

खड्ड्यातले डास आणि हिवताप, हे पुढं एका डॉक्टरांनी मला समजावलं. ते पटलं. पण पडसादाला आधी आवाज लागतो ना? आणि कुऱ्हाड खाली ठेवल्यावर घाव कोण घालत होतं?... मला माहीत नाही. जे कुणी होतं, त्याला रोज हात जोडतो.

आत्ता गोदा आत भाकरी थापतेय. थप, थप. लिहिता लिहिता मी कान देतो... आवाज चुलीपाशीच आहे. मग पुढची ओळ लिहितो.