मळकी हिमनदी

बायांनो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहिते. चुकलंमाकलं समजून घ्या.

हिमनदी जमीन कशी कोरते, ते नातीला शाळेत करून दाखवायचं होतं. काल तिने साबणाच्या वडीवर बर्फ घासला, पण रेघ उठेना. मी म्हटलं, "अगं, नुसत्या पाण्याने कढई निघते का? वाळू लागते." मग वाटीत वाळू-खडे घालून पाणी गोठवलं. सकाळी घासलं तर वडीवर चरचर रेघा! पोरगी ओरडली, "आजी, डोंगर असाच घासला जातो!"

थर्मासात बर्फ भरून दिला. दुपारी रडत आली. बाई म्हणे, "हा बर्फ घाण आहे. पुस्तकात हिमनदी पांढरी आहे. उद्या थर्माकोलची आण."

मी फोन लावला. रागात गावाकडची बोली तोंडात आली. "बाई, काय घाण शे त्यात? वाळू नसली तर घासेल काय?"

"आजी, तुम्ही किती शिकलात?"

"तिसरी. पण भांडी साठ वर्षं घासलीत."

त्यांनी फोन ठेवला.

आत्ता पोरीने त्याच वडीने हात धुतले, रेघा गेल्या. म्हणते, "आजी, थर्माकोल आण ना."

सांगा, आणू का?