गिअरबॉक्स कोणी उचलला?

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. केजमध्ये माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, वीस-बावीस वर्षं झाली. लिंबू-मिरची बांधून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याची मी तोंडावर थट्टा करतो. 'बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून आणलेलं इंजिन उघडलं की डिझेलचा फिल्टर चोंदलेला निघतो… नेहमीच. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. आणि लाज फक्त एवढ्याचीच नाही, ते पुढे येईलच.

आधी सुदामबद्दल सांगावं लागेल. जवळच्याच युसूफ वडगाव या गावचा. सोळा वर्षं माझ्याकडे मेकॅनिक होता… म्हणायला कामाला, पण मालकालाच 'बे' म्हणणारा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका ट्रॅक्टरचा मागचा एक्सल हलवायचा होता. जड सामान उचलायची चेनकुप्पी दुसऱ्या इंजिनाला अडकवलेली, सोडवायला अर्धा तास तरी गेला असता.

सुदाम म्हणाला, "थांब बे, कुप्पी मोकळी हुंदे."

"एवढ्याला काय कुप्पी? उचल की," असं म्हणून मी फोन घ्यायला बाहेर गेलो. एक्सल घसरला आणि सुदामच्या कमरेचा मणका गेला. तेव्हापासून तो बाजेवर आहे.

दवाखान्यात त्याची बायको, कमलवहिनी, धावत आल्या. बरेच लोक जमले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नको म्हणत व्हतो वहिनी, ऐकलंच न्हाई ह्यानं." सुदाम स्ट्रेचरवर शुद्धीत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पुढे मी भेटायला गेलो की वहिनी माझ्यासमोरच त्याला बोलायच्या — भावजी सांगत व्हते तर ऐकायला काय झालं व्हतं — आणि मी गुपचूप चहा प्यायचो.

आता गेल्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि दसऱ्यापर्यंत जागची हलवत नाहीत. सकाळीच बायकोने चेनकुप्पी, जॅक, पाने सगळं मांडून हळद-कुंकू, झेंडू वाहिला होता. पण नांदूरघाटच्या एका ट्रॅक्टरवाल्याला दसरा झाला की लगेच ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर निघायचं होतं. त्याचे फोनवर फोन. मी देवाला भीत नसलो तरी बायकोला भितो, त्यामुळे पूजेतली कुप्पी काढायची हिंमत झाली नाही. सणाचं काम करताना कोणी बघू नये म्हणून शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं, कोपऱ्यात राहिलेली पहार घेतली आणि जमिनीवरचा गिअरबॉक्स एकटाच सरकवायला लागलो.

पहार सटकली. दोनशे किलोच्या वर असेल ते धूड… कलंडून डाव्या पायावर आलं. दुपारचे तीन वाजले असतील. फोन टेबलावर. बाहेर देवीच्या मंडळाचा स्पीकर इतका मोठा की माझी हाक मलाच ऐकू येईना. पाच मिनिटं गेली की वीस, माहीत नाही. पाय बधिर होत चालला तसा सुदाम आठवला. खरं सांगतो, तेव्हाही त्याची कीव आली नाही. आता लोक मलाही मूर्खात काढतील, याचीच भीती वाटली.

आणि गिअरबॉक्स वर गेला. झटक्याने नाही… सावकाश, बेताने, सवयीचा माणूस उचलतो तसा. कानाजवळ कोणीतरी म्हणालं, "काढ बे पाय."

मी पाय ओढून घेतला. वळून बघितलं तर कोणी नाही. शटर तसंच. पूजेतल्या कुप्पीवरचं फूलसुद्धा हललेलं नव्हतं. पण गिअरबॉक्स परत खाली आला नव्हता. तो दोन लाकडी ठोकळ्यांवर नीट बसला होता, आणि ते ठोकळे मघाशी पलीकडच्या भिंतीशी होते — माझ्यापासून दहा फुटांवर.

दुसऱ्या दिवशी दसरा. लंगडत युसूफ वडगावला सोनं द्यायला गेलो. सुदामच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि सांगून टाकलं, "वहिनी, उचल म्हणून मीच म्हणलो व्हतो. खोटं बोललो मी."

वहिनी चहा करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे वळल्या. "तुमी कावून न्हाई सांगितलं? इतके दिवस मी तुमालाच बोलत आले."

"सांगून कंबर सरळ होणार व्हती का?" सुदाम म्हणाला. "लई लोक जमले व्हते तवा. त्येचं गॅरेज बसलं असतं."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या त्या मी असेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

नंतर ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. जिवावर बेतलं की अंगात ताकद येते, म्हणाले. येत असेल. पण मग ठोकळे कोणी आणले? आणि तो आवाज? मला आजही काही सांगता येत नाही.

त्या दिवशी निघताना सुदामलाही विचारलं होतं, काल दुपारी तीनला कुठे होतास म्हणून.

"हितंच की," तो म्हणाला. "कुटं जातो मी आता?"

तो टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी खाली मान घालून दारात चपला शोधत राहिलो.