गाठ साधी निघाली!

गोंदियात सर्जन म्हणून पंचवीस वर्षं काढली. किती गाठी काढल्या ते विसरलो, पण गाठीवाली माणसं काही डोक्यातून निघत नाहीत. त्यातही साध्या, निरुपद्रवी गाठीचा पेशंट म्हणजे कळस! कॅन्सरचा पेशंट निदान ऐकून तरी घेतो. हा स्वतःचं डोकं चालवतो.

एका मावशींच्या दंडावर चरबीची गाठ होती, मऊ आणि न दुखणारी. मी म्हटलं, "लिंबाएवढी आहे, राहू द्या. सहा महिने लक्ष ठेवा, वाढली तर या."

सहा महिन्यांनी मावशी रडतच आल्या. "वाढली जी डॉक्टरसाहेब!" मी तपासलं, गाठ होती तेवढीच. मग त्यांनी पिशवीतून पुरावा काढला. पहिल्याच दिवशी गाठीच्या मापाचं लिंबू आणून त्यांनी देवघरात ठेवलं होतं. ते वाळून सुपारीएवढं झालं होतं! आमच्या सुमन सिस्टरने बाजारातून ताजं लिंबू आणून दाखवलं, तेव्हा कुठे मावशी घरी गेल्या.

राइस मिलमधल्या एका हमालाला त्याची बायको ओढत घेऊन आली. मानेखाली पाठीवर चांगली गुबगुबीत गाठ. मी समजावलं, जागा बधिर करू, अर्ध्या तासात गाठ बाहेर, संध्याकाळी घरी. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काढाची नाई साहेब. पोत्याले मस्त उशी होते. फक्त जराशी डावीकडं सरकवता येते का?"

काढलेली गाठ खरंच साधी आहे का, हे लॅब तपासून सांगते. आम्ही गाठ बाटलीत घालून देतो, नातेवाईक ती लॅबमध्ये पोचवतात. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या शेठजींनी स्वतःची गाठ घरी नेऊन अडकित्त्याने दोन तुकडे केले आणि दोन लॅबमध्ये पाठवले! "दोनों का मिलना चाहिए ना, डॉक्टरसाब!"

दोन्ही रिपोर्ट जुळले, गाठ साधी. शेठजी भयंकर चिडले. "जब दोनों ने वही बोला, तो दूसरे ने किया क्या?"

सालेकशाच्या एका माणसाच्या कपाळावरची गाठ मी काढली आणि स्वतःवरच खूश झालो. आठवड्याने तो परत आला. आधार कार्डावरच्या फोटोत गाठ, कपाळावर नाही, म्हणून त्याला बँकेतून परत पाठवलं होतं. मी लेटरहेडवर लिहून दिलं, 'फोटोतील गाठ मी काढली आहे. माणूस तोच आहे.' त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "आता ह्या कागदावर फोटो लावा लागन ना साहेब. कोनता लावू?"

आणि हा किस्सा टीकारामचा.

चोरखमारा तलावाजवळच्या गावातले दोघे भाऊ. थोरला टीकाराम, धाकटा भोजराज. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात सोडायचं, यावरून अकरा वर्षं अबोला. टीकारामच्या मांडीवर गाठ आली आणि गावाने कॅन्सर ठरवून टाकला. त्यासरशी भोजराज धावत आला. ऑपरेशनपासून डबा तोच आणायचा, भावाला भरवायचाही तोच. मला बघून बरं वाटायचं.

टाके निघाले, जखम भरली. रिपोर्ट आला तेव्हा मी टीकारामला आत बोलावलं. "गाठ साधी आहे. काही धोका नाही. सांगा जाऊन भावाला."

टीकारामने उठून दार लावलं. "साहेब, धानाचा रोवणा होयेपर्यंत राहू द्या ना कॅन्सर. भाऊ बोलून राहिला माह्यासंग."

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं.

"तुमी काईच नोका सांगू. मी तोंड पाडून बाहेर जातो, बस्स!" आणि खरंच तोंड पाडून गेला.

दोन मिनिटांत भोजराज एकटाच आत आला आणि त्यानेही दार लावलं.

"साहेब, रिपोर्ट लॅबमधून मीच आनला ना. रस्त्यात गुरुजीकडून वाचून घेतला. साधी गाठ हाय." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. "पन मले मालूम हाय, हे दादाले नोका सांगू. अकरा सालानं माह्या हातचं जेवून राहिला तो."

मी खिडकीतून पाहत होतो. भोजराजने भावाला धरून मोटरसायकलवर बसवलं आणि गाडी अगदी हळू काढली. गेटजवळच्या ब्रेकरवर मागे वळून विचारलं, "दुखते का दादा?"

"लय दुखते रे!"