पंखावरची पाच बोटं

माझ्या भावाला सारी गल्ली ‘विमानम् सार’ म्हणते. आधी चेष्टेनं म्हणायची, आता सवयीनं म्हणते. अंबरपेठेत उतरून कुणालाही विचारा, हात करून घर दाखवतील. मला मात्र त्या नावाची भारी चीड. प्रशांत नाव आहे त्याचं, वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. बारशाला मी सहा वर्षांची होते आणि पाळण्याची दोरी मीच ओढली होती. त्याला नावं ठेवायचीच असतील तर ती मी ठेवीन, गल्लीला काय अधिकार?

आमचे वडील नामदेवराव देगलूरकडचे. इथं तेलुगू मुलखात येऊन त्यांनी म्हशी पाळल्या, घरोघरी दूध घातलं आणि परसात ऐसपैस गोठा बांधला. आता त्या गोठ्यात म्हशी नाहीत, विमान आहे. थट्टा नाही करत. दोन माणसं बसतील असं खरंखुरं विमान, प्रशांतनं स्वतःच्या हातानं बनवलेलं. अकरा वर्षं चाललंय ते.

कुकटपल्लीच्या एका कारखान्यात तो सव्वीस वर्षं फायबरच्या टाक्या आणि दरवाजे बनवत होता. ग्राइंडरपायी कान गेले. म्हणजे बोललेलं ऐकू येतं, फाटकाची कडी ऐकू येते, पण आवाजातला बारीक फरक कळत नाही. लग्न झालं नाही. दोन मुली दाखवल्या होत्या, पण या शहाण्यानं दोघींनाही पहिल्याच भेटीत विमानांची चित्रं काढून दाखवली. माझे यजमान गेले, मी शाळेतून निवृत्त झाले आणि इथंच येऊन राहिले. तेव्हापासून आम्ही दोघंच. भांडायला तिसरं कोणी नाही, म्हणून एकमेकांशीच भांडतो.

हे विमान पत्र्याचं नाही बरं का. आराखड्यांचं एक जाडजूड बाड त्यानं परदेशातून मागवलं आणि त्यात बघून बघून सगळं केलं. फोमचे मोठे ठोकळे तापलेल्या तारेनं पंखाच्या आकारात कापायचे. मग त्यांच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून रेझिन नावाचा चिकट द्राव चोपडायचा, एकावर एक थर चढवायचे. वाळलं की दगडासारखं टणक होतं. फोम नुसता आकारापुरता. ताकद सगळी त्या थरांत, आणि थर एकमेकांना किती घट्ट चिकटलेत त्यात.

तार धरायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना दोघं. दोघांचा वेग सारखा राहावा म्हणून कडेच्या फळीवर आकडे लिहिलेले असतात. एकानं आकडा म्हणायचा आणि दोघांनी त्याच आकड्यावर असायचं. ते दुसरं माणूस मी. चौतीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेतले आणि म्हातारपणी गोठ्यात उभी राहून म्हणायचे, बारा, तेरा, हल्लू रे, हल्लू, चौदा. जळक्या फोमच्या वासानं डोकं धरायचं. पण खरं सांगते, तार दोन्हीकडून एकदम बाहेर पडली की मला लई आनंद व्हायचा. त्याला कधी बोलले नाही, डोक्यावर बसला असता.

आणि भीती तर कायमचीच. गोठ्यात आहे तोवर ठीक, पण हे खरंच उडालं तर काय, हा विचार माझी पाठ सोडायचा नाही. माझं म्हणून या जगात एवढं एकच माणूस उरलंय.

त्याचा एक कडक नियम होता. घासून तयार केलेल्या भागाला उघड्या हातानं शिवायचं नाही. कारण त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, सोवळं असेल. आमच्या आईचं लोणच्याच्या बरणीपाशी असायचं तसलं.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. हत्यारं पुजायचा दिवस. वडील असताना विळे, कोयते, दुधाची मापं मांडून पूजा व्हायची, ती मी कधी चुकवली नाही. प्रशांत सकाळीच अफझलगंजला ब्रश आणायला गेला होता. गोठ्यात डावा पंख घासून, पुसून, प्लास्टिकखाली झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याच्यावर वरचे थर चढायचे होते. मी करवत, कात्र्या, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग मनात आलं, ज्याच्यासाठी ही सगळी हत्यारं, त्यालाच तसं ठेवायचं? प्लास्टिक उचललं. कोरडं कुंकू तिथं ठरेना, म्हणून समईतल्या तेलात कालवलं. पंखाच्या मुळाशी, जिथं तो विमानाच्या अंगाला जोडला जातो तिथं, पाच बोटं उमटवली. हात जोडले आणि मनात होतं ते मागितलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. आता हा बघणार आणि घर डोक्यावर घेणार. ओल्या फडक्यानं मी घाईघाईनं सगळं पुसून काढलं, लाल ठिपका ठेवला नाही, आणि प्लास्टिक पुन्हा ओढलं. कुंकू पुसलं गेलं. पण ओल्या फडक्यानं तेल जात नाही, हे जन्मभर स्वयंपाक करत आलेल्या बाईला कळू नये?

दसऱ्याला पहाटेच त्यानं काम सुरू केलं. मी कापडाचे तुकडे क्रमानं हातात देत होते. ऊन चढायच्या आत थर पूर्ण झाले. मग त्यानं हातमोजे काढले, माझ्या हातावर जम्मीचा, म्हणजे शमीचा, पाला ठेवला आणि पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला.

पुढं उजवा पंख झाला, शेपूट झालं. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचे हात सुजले, कातडी फाटून पाणी यायला लागलं. दवाखान्यात सांगितलं की इतक्या वर्षांच्या रेझिनचं हे फळ, आता शरीरच ते सोसत नाही. पुन्हा त्याच्या जवळ गेलात तर श्वास कोंडेल. प्रशांत हसला. रेझिनचं काम संपलंय म्हणाला, राहिलेत ते नटबोल्ट.

मार्चमध्ये विक्रम साहेब यायला लागले. निवृत्त वैमानिक, मूळचे पुण्याचे, अलवालला राहतात. पहिलं उड्डाण ते करणार होते. साधा माणूस, माझ्या हातची अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली. एकदा मी चहा घेऊन गोठ्यात गेले तेव्हा ते विचारत होते, की एवढ्या कामात तुम्हाला भीती कशाची वाटते.

प्रशांत म्हणाला, “दिसणाऱ्या चुकीची नाही, साहेब. दोन थरांच्या मध्ये तेलकट बोट लागलं असेल ना, त्याची. वरून कळत नाही. ठोकून पाहिलं तरी सुरुवातीला कळत नाही. आणि एक दिवस वर असताना थर सुटतो.”

मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले.

त्यानंतरचे तीन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सांगावं तर पंख गेला, आणि दुसरा करायला त्याचे हात नाहीत. म्हणजे अकरा वर्षं मातीत. न सांगावं तर ते साहेब, अंबाडीची भाजी मागून घेणारे, माझ्या बोटांवर बसून वर जाणार. रोज सकाळी ठरवायची, आज बोलायचं. रोज तो चहा पिताना त्या पंखाकडे बघायचा आणि माझं बोलणं राहून जायचं. उलट मीच त्याच्यावर खेकसायची, चप्पल इथं का, टॉवेल तिथं का. तो बिचारा म्हणायचा, अक्का, उन्हाचा त्रास होतोय का तुला?

एप्रिलमध्ये पंखांची परीक्षा झाली. पंख उलटे करून त्यांच्यावर वाळूच्या गोण्या रचल्या, कितीतरी. साहेब फाटकापाशी फोनवर बोलत होते. शेवटची गोण ठेवली आणि डाव्या पंखातून टक् असा बारीक आवाज आला. प्रशांतला ऐकूच आला नाही. मला आला. पंख काही मोडला नाही, गोण्या उतरल्या, साहेबांनी येऊन त्याची पाठ थोपटली आणि प्रशांत रडला. गोणीची दोरी तुटली असेल, अशी मी माझी समजूत घातली. दोऱ्या सगळ्या धड होत्या, मी मोजून पाहिल्या होत्या.

विमान धावपट्टीवर न्यायला जूनची सोळा तारीख ठरली. त्याच्या आदल्या आठवड्यात शेवटची तपासणी. त्यानं एक जुनं जाड रुपयाचं नाणं घेतलं आणि मला गोठ्यात बोलावलं. नाण्यानं पंखावर टिचक्या मारत जायचं. थर चिकटलेले असतील तर आवाज टण् येतो, सुटले असतील तर थप् येतो.

“मडकं घेताना तू वाजवून बघतेस ना, तसं,” तो म्हणाला. “माझ्या कानांना आता ते कळत नाही. मी वाजवतो, तू ऐक. तू ठीक म्हटलंस की मी खूण करीन.”

मी स्टूल घेऊन बसले. त्यानं डाव्या पंखाच्या टोकापासून सुरुवात केली. टण्. ठीक. पेन्सिलची खूण. टण्. ठीक. खूण. पूर्वी आकडे म्हणायचो तसंच चाललं होतं, एक लय लागली होती. तो मुळाकडे सरकत गेला.

थप्.

मी ठीक म्हटलं.

त्यानं खूण केली. पुढं पुन्हा थप्. पुन्हा मी ठीक म्हटलं. तिसऱ्यांदाही. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं मी, तोंडातून भीतीच बोलत होती. मग आवाज पुन्हा टण् झाला. संपलं, निसटले मी. प्रशांत वाकूनच होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “अक्का, तू आकडे म्हटले नसतेस ना, तर हा पंख वाकडाच कापला गेला असता.”

मी म्हटलं, “मागे जा.”

“किती?”

“तीन खुणा.”

तो मागे गेला. वाजवलं. मी त्याला सांगितलं की इथं आवाज बसका आहे, आणि मघाशीही होता. मग बाकीचंही सांगितलं. खंडेनवमी, समईतलं तेल, ओलं फडकं, गोण्यांच्या दिवशीचा टक्. सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही, नाण्याकडे बघत राहिले. 

तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उत्तरं देता आली असती. आधी त्यानं साहेबांना फोन केला, सोळा तारखेला येऊ नका म्हणून. मग तोंडाला दोन फडकी बांधली, हातमोजे चढवले, बारीक करवत घेतली आणि त्या बसक्या जागेभोवती चौकोन कापला. मी नको रे, नको रे म्हणत होते. वरचा थर त्यानं पटाशीच्या टोकानं उचलला. नीट चिकटलेला थर म्हणे फाडावा लागतो. हा दुधावरची साय निघावी तसा सलग वर आला.

खाली पाच चकचकीत ठिपके होते. चहूकडचा भाग खडबडीत, आणि ते पाचच गुळगुळीत, कडेला किंचित लालसर. मी नकळत हात पुढं केला. बोटं बरोबर त्यांच्यावर बसली.

प्रशांतनं माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, “तेव्हा काय मागितलं होतंस, अक्का?”

सुखरूप जा, सुखरूप ये, असं सांगता आलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता. पण आता खोटं बोलायची ताकदच नव्हती.

“हे कधी उडू नये,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. रागावला, दुखावला की काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. तो बाहेर गेला, नळावर बराच वेळ हात धुतले, आणि परत आला तेव्हा मनगटांवर लाल चट्टे उठायला लागले होते. त्यानं माझं स्टूल उचललं आणि उजव्या पंखापाशी ठेवलं.

“याला लावलं होतंस काही?”

“नाही.”

“मग बस. ऐक.”

त्यानं टोकाला नाणं टेकवलं. मी डोळे मिटले आणि हात जोडले, आणि त्या विमानासाठी पहिल्यांदाच मनापासून मागितलं की आवाज टण् येऊ दे.